वाद्यांची वर्गवारी आणि माणसांची वर्गवारी

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीच्या वाडीवाडीत ढोल घुमतो, नमनात मृदंग आणि झांज वाजते, जाखडीत ढोलकीच्या ठेक्यावर चाळ बांधलेली पावले फेर धरतात. ही वाद्ये आपल्या इतकी ओळखीची आहेत की त्यांचे शास्त्र कोणते, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. आपल्या पाल्यांना विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा पाठ असतो; परंतु तोच पाठ अंगणातल्या ढोलकीत दडलेला आहे, हे त्यांना कोणी दाखवीत नाही. तो पाठ येथे थोडक्यात मांडावयाचा आहे. त्यासोबतच, वाद्यांविषयी आपल्या समाजाच्या मनात असलेल्या एका जुन्या सलाचाही विचार करावयाचा आहे.

काही मूलभूत संज्ञा

वस्तू कंप पावली की ध्वनी उत्पन्न होतो. कंपन नियमित असेल तर तो कानाला गोड लागतो; त्यास नाद म्हणतात. कंपनांची संख्या वाढली की नाद उंच होतो, घटली की खाली येतो. गायनवादनासाठी निश्चित केलेल्या उंचीच्या नादास स्वर म्हणतात. दोन आघातांमधील अंतर सारखे राखून चाललेली गती म्हणजे लय. लय मोजण्याचे एकक मात्रा, आणि ठराविक मात्रांचे पुन्हा पुन्हा येणारे आवर्तन म्हणजे ताल. तालाची पहिली मात्रा ती सम. ढोलकीवर तालाचे जे ठरलेले बोल वाजतात, तो ठेका.

या संज्ञा केवळ शास्त्रीय संगीताच्या मालकीच्या नाहीत. जाखडीतला ढोलकीवाला ‘सम’ हा शब्द उच्चारत नसेल, परंतु सारे पाय एकाच क्षणी जमिनीवर पडतात तेव्हा त्याने सम अचूक गाठलेली असते.

वाद्यांचे चार वर्ग

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तार कंप पावते ती तत वाद्ये : वीणा, एकतारी, तुणतुणे. पोकळीतील हवा कंप पावते ती सुषिर वाद्ये : बासरी, सनई, तुतारी, शंख. ताणलेले कातडे कंप पावते ती अवनद्ध वाद्ये : ढोल, ढोलकी, मृदंग, हलगी, संबळ. वाद्याचे सबंध अंगच कंप पावते ती घन वाद्ये : झांज, टाळ, घुंगरू.

पाली अट्ठकथांमध्ये ‘पंचांगिक तुरिय’ अशी पाच वर्गांची मांडणी आढळते. तेथे एका तोंडावर कातडे असलेले वाद्य ‘आतत’, दोन्ही तोंडांवर असलेले ‘वितत’ आणि तारांचे ‘आतत-वितत’ म्हटले आहे. सुषिर व घन हे वर्ग तसेच राहतात. या हिशेबाने हलगी आणि टिमकी आतत ठरतात, ढोलकी आणि मृदंग वितत.

ही वर्गवारी जगभर कशी पोहोचली, ती हकीकत मनोरंजक आहे. बंगालचे संगीतज्ञ सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह बेल्जियमच्या राजाला भेट दिला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे पहिले अभिरक्षक माहियों यांनी जगातील वाद्ये लावताना भारतीय चार वर्गांचाच आधार घेतला. पुढे १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी त्याच पायावर जी पद्धती प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरात आहे. त्या पद्धतीत जावा बेटावरील गॅमेलान वाद्यवृंदाच्या काशाच्या घंटा आपल्या झांजेच्या पंक्तीला बसतात, तिबेटी मठांतील लांबलचक कर्णा आपल्या तुतारीच्या, आणि पश्चिम आफ्रिकेतील जेंबे आपल्या टिमकीच्या.

ताण नेमका किती?

वाद्य कोणत्याही वर्गाचे असो, ते सुरात येण्यासाठी योग्य स्थिती लागते. अंगुत्तर निकायातील सोणाची कथा सर्वपरिचित आहे. गृहस्थ असताना वीणा वाजविणारा सोण भिक्षू झाल्यावर अतिश्रमाने खचला. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली : तार फार ताणली अथवा फार सैल सोडली, तर वीणा वाजण्याजोगी राहत नाही. मध्यम मार्ग समजावण्यासाठी वाद्याचा अनुभव कामी आला.

कातड्यालाही हाच नियम लागू आहे. दमट हवेत हलगीचे कातडे सैल पडते, म्हणून वाजविणारे ती जाळावर शेकून घेतात. ढोलकीच्या एका तोंडावर शाईचा गोल थर देतात. त्या वजनामुळे कंपने नियमित होतात आणि स्वर स्पष्ट उमटतो. शाळेची पायरी न चढलेल्या कारागिरांनी हे ध्वनिशास्त्र हाताने सिद्ध केले.

माणसांची वर्गवारी

शास्त्राने विचारले, ‘या वाद्यात काय कंप पावते?’ गावगाड्याने विचारले, ‘हे कोण वाजवितो?’ कातडे अपवित्र, म्हणून ते हाताळणारा अपवित्र, असे ठरविले गेले. दवंडी पिटणे, मिरवणुकीपुढे आणि मयतीपुढे वाजविणे ही वतनाची कामे झाली. कोकणात ढोल, टिमकी आणि सनईचा खालूबाजा लग्नात हवाच असे. परंतु वाजविणाऱ्यांची पंगत वेगळी बसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी वाजप कायमचे सोडले. तो निर्णय योग्यच होता, कारण सक्तीने वाजविण्यात कला नसते, चाकरी असते.

ही वेदना केवळ आपली नाही. तमिळ प्रदेशातील पराई हे हलगीसारखेच वाद्य. ते वाजविणाऱ्या जातीच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृतासाठी शब्द तयार झाला. जपानमध्ये तायको हा मोठा ढोल उत्सवांचे भूषण, परंतु त्याचे कातडे कमावणारे बुराकू लोक अस्पृश्यासारखे वागविले गेले. ओसाकाच्या नानिवा भागात पिढ्यान्पिढ्या ढोल घडत होते. तेथील तरुणांनी १९८७ साली स्वतःचे तायको पथक उभारले आणि त्याचे नाव ठेवले ‘इकारी’, म्हणजे संताप. जे वाद्य इतरांसाठी घडवीत आले, ते त्यांनी स्वतःच्या सन्मानासाठी हाती घेतले.

आपल्याकडे हे त्याआधीच घडले होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या काळातील जलसाकारांनी तमाशाचा साचा आणि तीच ढोलकी घेऊन समतेचा विचार खेडोपाडी पोहोचविला. वामनदादा कर्डकांच्या गीतांनी ती परंपरा पुढे नेली. वाद्य तेच राहिले. वाजविणाऱ्याची इच्छा त्याची स्वतःची झाली.

आपले कर्तव्य

सक्ती गेली, हे उत्तम झाले. तिच्याबरोबर ज्ञानही जाऊ द्यावयाचे काय, हा आजचा प्रश्न आहे. कातडे कसे मढवितात, कोणत्या प्रसंगी कोणता ठेका वाजतो, त्याचे बोल कोणते, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आता थोडीच उरली आहेत. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील, वाडीतील अशा आजोबांजवळ एक दिवस बसावे. वाद्याचे स्थानिक नाव, त्याचा वर्ग, ते कशापासून घडते, त्याचे बोल आणि वाजविण्याचे प्रसंग वहीत उतरवावेत. बोल भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावेत. त्या वाजविण्याचा मोबदला काय मिळे आणि वागणूक कशी मिळे, हेही विचारून लिहावे. तोही इतिहासच आहे. सांगण्यास कोणी नाखूश असेल, तर त्या मौनाचाही मान राखावा.

मुलांनी ढोलकी हाती घेतली तर तिच्यात काय कंप पावते हे त्यांना ठाऊक असावे. ती पूर्वी कोणी, कशासाठी आणि कोणाच्या हुकमाने वाजविली, हेही ठाऊक असावे. मग वाजवावी की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.