सीलिॲकची तपासणी: रिपोर्ट हातात येईपर्यंत पोळी सोडू नका

सीलिॲक म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याच्या तपासणीत सगळ्यात महाग पडते ती घाई. पोट सतत फुगतं, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, गहू सोडून बघा. महिनाभरात बरं वाटायला लागतं आणि त्यानंतर रक्त दिलं तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. या तपासणीत गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं मोजतात. गहू थांबला की ती हळूहळू उतरतात आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. आजार असतो, पण पुरावा पुसला जातो. मग पुन्हा काही आठवडे गहू खा, पुन्हा त्रास सोसा, पुन्हा पैसे भरा.

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा धानाचा पट्टा. सकाळी पोहे, दुपारी भात, सणाला तांदळाचे आयते. कित्येक घरांत पोळी एक वेळच, तीही रोज नाही. म्हणजे गहू मुद्दाम न सोडताही पोटात इतका कमी जात असतो की तपासणी फसू शकते. भारतातल्या 2016 च्या एका मोठ्या पाहणीत ही प्रतिपिंडं उत्तरेत 1.23 टक्के प्रौढांमध्ये आढळली, दक्षिणेत जेमतेम 0.10 टक्के, या फरकामागे गहू खाण्याच्या प्रमाणाचा मोठा वाटा मानला जातो. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की रोज किती पोळ्या खाता. सर्वसाधारण सल्ला असा, की रक्त देण्याआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असावा. दोन्ही वेळा एकेक पोळी म्हणजे बहुतेकांचं भागतं. लहान मूल असेल किंवा त्रास फार होत असेल, तर हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

आता पैशाचं. पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी आयजीए. खासगी लॅबमध्ये साधारण हजार ते दोन हजार रुपये. तिच्याबरोबर एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांगा, आणखी पाचशे ते हजार. हे पैसे वाचवू नका. काही लोकांच्या रक्तात आयजीएच कमी असतं; त्यांचा टीटीजी आजार असूनही नॉर्मल दिसतो आणि त्यांना आयजीजी प्रकारची वेगळी तपासणी लागते. गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलंत तर नमुना कुठल्या लॅबला जातो, रिपोर्ट कधी येईल आणि नेण्याचा वेगळा आकार आहे का, हे पावती घेण्याआधी विचारा. अशा तपासण्या बऱ्याच लॅब नमुने साठले की एकदम लावतात, त्यामुळे दोन दिवस ते आठवडा लागतो. त्यात काळजीचं काही नाही. रक्तासाठी उपाशी राहायचीही गरज नसते.

टीटीजी वाढलेला आला की मोठ्या माणसांना बहुधा एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, करायला सांगतात. त्यासाठी भंडारा किंवा नागपूर गाठावं लागतं. नागपूर इथून महामार्गाने शंभर किलोमीटरच्या आसपास. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. खासगीत एंडोस्कोपीचे तीन ते सहा हजार होतात आणि बायोप्सी तपासणीचे हजार-दोन हजार वेगळे लागू शकतात. इथेच गफलत होते. फोनवर सांगितलेला दर नुसत्या दुर्बिणीचा असतो. चिमटा, भूल आणि पॅथॉलॉजी बिलात मागाहून चढतात. "बायोप्सी आणि तिच्या रिपोर्टसकट एकूण किती?" असाच प्रश्न विचारा. घशात बधिर करणारा फवारा मारूनही तपासणी होते, ती स्वस्त पडते. गुंगीचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं, म्हणून सकाळची पहिलीच वेळ मागून घ्या. रक्ताच्या दोन तपासण्या, एंडोस्कोपी आणि बायोप्सी धरून खासगीतला आकडा साडेपाच ते अकरा हजारांच्या घरात जातो; प्रवास आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी वेगळी.

बायोप्सीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा तुकडे घेतात, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. दुखत नाही. ते फॉर्मालिनच्या बाटलीत पडतात, मग मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. म्हणून चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. एकच तुकडा घेतला तर निदान हुकू शकतं, कारण आतड्यावरची इजा ठिकठिकाणी सारखी नसते. किती तुकडे घेणार हे आधी विचारायला अजिबात संकोचू नका. रिपोर्टवर "मार्श" श्रेणी लिहिलेली असते. 3 म्हणजे अस्तरावरचे अंकुर झिजलेत. पण जंतुसंसर्ग आणि इतर काही आजारांतही अंकुर झिजतात. रक्त आणि बायोप्सी जुळवून निदान करणं डॉक्टरांचं काम. एकाच कागदावरून घरी निष्कर्ष काढू नका. स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवायला सांगा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं झालं तर तेच कामी येतात, दुर्बीण पुन्हा घालावी लागत नाही.

हातात पैसा नसेल तर सुरुवात साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयातून करा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टीटीजी तिथल्या यादीत आहे का, हे विचारून घ्या. नसला तरी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी तिथे करून घ्याच. पूर्व विदर्भात रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हे नेहमीचं कारण आहे आणि ते आधी पाहिल्याशिवाय पुढे खर्च करण्यात अर्थ नाही. पुढची चिठ्ठी गोंदिया किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मागा. ती महाविद्यालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडं शुल्क पडतं, पण खासगीच्या मानाने फारच कमी. दुर्बिणीची तारीख मात्र लांबची मिळू शकते. तोवर पोळी चालूच ठेवायची. जन आरोग्य योजनेवर या तपासण्यांसाठी भिस्त ठेवू नका. ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

काही खर्च सरळ टाळा. शंभर-दोनशे पदार्थांची "फूड इनटॉलरन्स" तपासणी हजारो रुपये घेते आणि तिने सीलिॲक कळत नाही. एचएलए ही जनुकांची तपासणीही महाग. ती निगेटिव्ह आली तर आजार जवळजवळ नाहीच म्हणता येतं, पण पॉझिटिव्ह आल्याने काही सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं कितीतरी निरोगी माणसांतही असतात. डॉक्टरांना खरी शंका असेल तेव्हाच ती करावी.

निदान पक्कं झालं तर गहू, रवा, मैदा, शेवया, जव जन्मभर बंद. इथे धानाच्या पट्ट्यात राहण्याचा फायदा होतो. बाजारातलं महागडं ग्लूटेनमुक्त पीठ घेतलंच पाहिजे असं नाही. भात, ज्वारी, डाळी घरात आहेतच. जपायचं ते चक्कीवर. गव्हामागोमाग ज्वारी दळली की पीठ मिसळतं, म्हणून ज्वारी-तांदूळ वेगळ्या चक्कीवर किंवा घरी दळा. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा. पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" लिहायचं तर किलोमागे 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा देशातला नियम आहे.

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करावा लागतो, पुढे वर्षातून एकदा. तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही एकदा रक्ततपासणी करून घ्या, त्रास नसला तरी, कारण जवळच्या नातलगांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. आणि त्यांचं रक्त देऊन होईपर्यंत घरातला गहू सगळ्यांसाठी बंद करू नका. त्यांच्या ताटात पोळी राहू द्या, फक्त रुग्णाचा तवा आणि पोळपाट वेगळा ठेवा.