रविवारी जर्नल घेऊन ये

छोटे,

परवा ब्रिटनमधल्या एमएस्सीचं ऑफर लेटर घेऊन मुलुंडला आलीस आणि आईने तुझ्या हातावर साखर ठेवली, तेव्हा तुझे डोळे भरून आलेले मी पाहिले. घर भरलेलं होतं म्हणून गप्प बसले. सगळ्यांचं चाललं होतं जॅकेट, कुकर आणि गोड्या मसाल्याचं. ते काय, होईलच. मला तुझ्याशी अभ्यासाबद्दल बोलायचंय. तिथल्या पहिल्या टर्मला मी रडले ती अभ्यासापायी, आणि त्याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक खुलासा आधीच करून घे. तू बीएस्सी नर्सिंग झालेली आहेस. पण तिथली एमएस्सी केली म्हणून ब्रिटनमध्ये नर्स म्हणून रजिस्ट्रेशन आपोआप मिळत नाही. त्यासाठी एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, वाट वेगळी: इंग्रजीची परीक्षा, सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग ऑस्की ही प्रात्यक्षिकाची. तुझ्या कोर्सने रजिस्ट्रेशन मिळतं की नाही, हे एजंटच्या तोंडून ऐकू नकोस. युनिव्हर्सिटीला मेल टाक आणि लेखी उत्तर घे.

आता अभ्यास. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे फर्स्ट इयरला आपल्याकडून घोटून घेतात. व्हायवात तेवढं सांगितलं की मार्क पक्के. पहिल्या असाइनमेंटमध्ये मीही ते छातीठोकपणे लिहिलं. परत आली तेव्हा त्या वाक्याशेजारी ट्यूटरने दोनच शब्द लिहिले होते: ‘कोण म्हणतं?’

मला फार लागलं ते. इतकी वर्षं वॉर्डात पाठी पुसल्या, पावडर लावली, मावशींना हाताशी घेऊन माणसं वळवली, आणि ही विचारते कोण म्हणतं! दोन दिवस फुगून बसले, मग शोधायला घेतलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला, अमेरिका-कॅनडातल्या केअर होममधल्या ९४२ वृद्धांचा. चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी बेडसोरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मी तो घेऊन ट्यूटरकडे धावत गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, “तू काम केलंस त्या वॉर्डात हे लागू पडेल?”

आणि माझ्यासमोर आमचा मेल मेडिकल वॉर्ड उभा राहिला. मध्ये खड्डा पडलेली कापसाची गादी, वर रेक्झिन, मे महिना, घामाने चिकटलेली पाठ. तिथे चार तास थांबणं म्हणजे बेडसोरला आमंत्रणच. हे सगळं मी मुद्देसूद लिहिलं: अभ्यास कुणावर झाला, गाद्या कुठल्या होत्या, आपल्याकडे काय वेगळं आहे. त्या मॉड्यूलमधला सर्वांत चांगला परिच्छेद तोच ठरला. क्रिटिकल अ‍ॅनालिसिस म्हणतात ते हेच गं. तू वॉर्डात पाहिलेलं तिथे बिनकामाचं नाही; फक्त ते पुराव्याशेजारी ठेवून तपासायला शिकायचं.

वर्ग कमी असतात म्हणून हुरळून जाऊ नकोस. २० क्रेडिटच्या मॉड्यूलमागे २०० तासांचा अभ्यास धरलेला असतो. त्यातले थोडेच तास वर्गात जातात, बाकी तू आणि लायब्ररी. व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ते पूर्ण २० तास नाइट ड्यूट्यांत घालवणाऱ्या मुली डेडलाइनच्या आठवड्यात कशा कोसळतात, ते मी जवळून पाहिलंय. पहिली टर्म कमीच काम घे. पैसे कमी पडले तर मला सांग, काकांना सांगायला संकोचशील.

कॉपीबद्दल आता स्पष्टच बोलते. सीनियरची फाइल समोर ठेवून केअर प्लॅन उतरवणं आपल्या होस्टेलवर कुणालाच गैर वाटायचं नाही. मीही उतरवलेत. तिथे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, कुणाचं ते न सांगता लिहिलंस तर ती चोरी धरतात, आणि टर्निटिन या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते लगेच उठून दिसतं. वाच, पुस्तक मिट, मग स्वतःच्या शब्दांत लिही आणि मूळ लेखकाचं नाव-वर्ष तिथल्या तिथे टाक. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्यांचे मेसेज येतील. इंग्लंडमध्ये २०२२ पासून हा धंदाच गुन्हा आहे. नंबर ब्लॉक कर.

मला सर्वांत जड गेलं ते रिफ्लेक्शन. ‘मी चुकले, मी घाबरले होते’ असं कागदावर लिहायचं! आपल्याकडे चूक लेखी दिली की मेमो ठरलेला, म्हणून हात उचलेचना. तिथे चूक कशी झाली, पुढे काय बदलशील, हे नीट उलगडलंस तर त्याला मार्क असतात. मार्कांचं म्हणशील तर एमएस्सीला ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन. ६२ पडले म्हणून घरी फोन करून रडू नकोस, ते चांगले मार्क आहेत.

आणि ट्यूटरला नावाने हाक मारायची. जीभ अडखळेल, ‘मॅडम’ तोंडातून जाणार नाही, चालेल. पण सेमिनारमध्ये गप्प बसू नकोस. आपण मान राखून गप्प बसतो, त्यांना वाटतं हिने काही वाचलंच नाही. अडलं तर डेडलाइनच्या आधी मेल कर. नंतर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी फारसं उपयोगी पडत नाही.

निघायला अजून वेळ आहे. पबमेड बोरिवलीत बसूनही फुकट उघडतं. तुझ्या वॉर्डातला एखादा प्रश्न घे आणि आठवड्याला एक पेपर वाच, अर्धा कळला तरी चालेल.

रविवारी दादरला गाडी बदलून सकाळीच ये, जेवायलाच थांब. येताना थर्ड इयरचं केस स्टडीचं जर्नल आण. पहिल्या पानावर तू त्या केसमधल्या आजींचं नाव, वॉर्ड, आयपीडी नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आहेस. तिथे पेशंटची ओळख अशी उघड केलीस तर आख्खा पेपर नापास होऊ शकतो. आजींना आपण आधी दुसरं नाव देऊ, आणि मग पुढचं पान उघडू.

तुझी,
ताई