घटक 4 : शरद ऋतूतील सार्वजनिक ग्रंथालय – दूरस्थ विद्यार्थी, शिक्षक आणि दिवाळी अंक

4.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास सार्वजनिक ग्रंथालयाच्या निरनिराळ्या विभागांचा अभ्यासासाठी उपयोग करून घेता येईल; आश्विन-कार्तिक या काळातील ग्रंथालयीन उपक्रमांचे स्वरूप सांगता येईल; दिवाळी अंकांकडे वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून पाहता येईल; आणि ग्रंथपालाकडे नेमकी मागणी नोंदवता येईल. यांपैकी शेवटचे उद्दिष्ट दिसायला सर्वांत लहान आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक विद्यार्थी तेथेच अडखळतात.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय आयते मिळते. दोन तासिकांच्या मधल्या वेळात तो तेथे सहज डोकावतो. आपली स्थिती निराळी आहे. आपल्यापैकी कोणी वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करतात, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, कोणी मुले शाळेत गेल्यावर मिळणाऱ्या दोन तासांत अभ्यास करतात. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे मोजकी असतात. हाती असते ते हे पुस्तक. आणि या पुस्तकात एखाद्या कादंबरीचा उल्लेख दोन ओळींत येऊन जातो. ती कादंबरी मुळातून वाचल्याशिवाय तिच्यावर लिहिलेले उत्तर म्हणजे ऐकीव माहितीच होय. मूळ ग्रंथ विकत घेणे प्रत्येकाला परवडत नाही आणि जुने ग्रंथ अनेकदा बाजारात मिळतही नाहीत. म्हणून सार्वजनिक ग्रंथालय हेच आपले महाविद्यालय आहे, असे समजून या घटकाकडे पाहावे.

शरद ऋतू निवडण्यामागे कारण आहे. आश्विन लागला की छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याच्या यात्रेची गर्दी सुरू होते. भोवतालच्या शिवारात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते. शाळांमध्ये प्रथम सत्राच्या परीक्षा होतात आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागते. शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांनाही वर्षात सलग वेळ मिळतो तो याच दिवसांत. ग्रंथालयांचे वर्षातील सर्वांत गजबजलेले दिवसही हेच. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांना हळदकुंकू वाहतो. त्या एका दिवसापुरते पुस्तक न उघडणे ठीक आहे, पण काही घरांत ते पुढच्या दसऱ्यापर्यंत तसेच राहते!

4.3 ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथालय’

हे दोन शब्द आपण सर्रास समानार्थी वापरतो. त्यांच्या अर्थच्छटा मात्र वेगळ्या आहेत. ‘वाचनालय’ या शब्दात बसून वाचण्याची जागा अभिप्रेत आहे : वर्तमानपत्रे, नियतकालिके, बाके आणि डोक्यावरचा पंखा. ‘ग्रंथालय’ या शब्दात संग्रह, त्याची नोंद, वर्गीकरण आणि देवघेव यांचा समावेश होतो. जुन्या संस्थांच्या नावांत ‘वाचनालय’ आढळते, कारण त्यांचा आरंभ बहुधा वर्तमानपत्रांच्या सामूहिक वाचनातून झाला.

मराठवाड्यात या आरंभाला आणखी एक अर्थ होता. 17 सप्टेंबर 1948 पूर्वी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, सभा-संमेलनांवर निर्बंध होते. अशा काळात मराठी पुस्तके एकत्र ठेवणे आणि ती गावातल्या माणसांना वाचायला देणे हे भाषा टिकवण्याचे काम होते. 1922 मध्ये खुद्द हैदराबाद शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, ते याच जाणिवेतून. उलट बाजूही लक्षात घ्यावी. त्या वेळच्या औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य दीर्घकाळ चालले आणि पाणचक्कीच्या परिसरातील जुना ग्रंथसंग्रहही प्रसिद्ध आहे. या शहराची ग्रंथपरंपरा एका भाषेची नाही.

कायद्याच्या दृष्टीने मराठवाड्याने ग्रंथालय अधिनियम दोनदा पाहिला. पहिला हैदराबाद राज्याचा, 1955 सालचा. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967. महाराष्ट्रातील व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, गावोगावची बहुसंख्य ग्रंथालये शासन स्वतः चालवत नाही. ती स्थानिक संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना शासनाचे अनुदान मिळते. याचा आपल्याशी संबंध काय? संबंध असा की, ज्या ग्रंथालयाच्या दारात आपण संकोचाने उभे राहतो ते सार्वजनिक पैशावर चालते. तेथे पुस्तक मागणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे.

4.4 शहरातील साधने

छत्रपती संभाजीनगरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. बळवंत वाचनालय, जीवन विकास ग्रंथालय यांसारख्या संस्थांची ग्रंथालये आहेत. मराठवाडा साहित्य परिषदेचे मुख्यालय येथेच असून ‘प्रतिष्ठान’ हे तिचे नियतकालिक मराठवाड्यातील लेखनाचा मागोवा घेणाऱ्याला टाळता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना 1958) आणि नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय यांची ग्रंथालये प्रामुख्याने त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असली, तरी बाहेरच्या अभ्यासकाने रीतसर अर्ज करून पाहावा. 2021 पासून शहरातील काही वस्त्यांमध्ये लहान मुलांसाठी मोहल्ला वाचनालये सुरू झाली आहेत. आपण पालक असाल तर त्यांची चौकशी जरूर करावी.

ग्रंथालयात गेल्यावर प्रथम तीन जागा ओळखाव्यात. देवघेव विभागातून पुस्तक घरी नेता येते; त्यासाठी अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावे लागते. वर्तमानपत्रांचा कक्ष बहुधा सर्वांना खुला असतो. संदर्भ विभागातील ग्रंथ बाहेर मिळत नाहीत, तेथेच बसून टिपणे काढावी लागतात. मराठी विश्वकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची ही चार नावे लिहून ठेवावीत. ‘दाते सूची’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शेवटच्या साधनात 1800 पासून 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद आहे. मराठी विश्वकोश आता महाजालावरही विनामूल्य वाचता येतो, त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्यालाही तो हाताशी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अलीकडे शहरातील ग्रंथालये आणि अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेल्या दिसतात. मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून आलेली ही मुले-मुली सकाळी जागा धरतात आणि रात्री उठतात. त्यांची गरज खरी आहे. भाड्याच्या खोलीत चौघांच्या गर्दीत अभ्यास होत नाही. पण ती आपापली पुस्तके घेऊन येतात. खुर्च्या भरलेल्या असतात आणि मागची कपाटे बंद राहतात. कपाट उघडण्याची मागणीच आली नाही तर पुढे त्या संग्रहाचे काय होते, हे पुढील भागात पाहू.

4.5 दिवाळी अंक : शरदातील पीक

मराठीतील पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकातर्फे 1909 मध्ये काढला. तेव्हापासून कथा, कविता, दीर्घ लेख, परिसंवाद आणि व्यंगचित्रे यांचे हे वार्षिक पीक मराठी वाचकाच्या सवयीचे झाले आहे. अनेक ग्रंथालये या सुमारास दिवाळी अंक योजना जाहीर करतात. ठरावीक रक्कम भरली की पुढील काही महिने एकामागून एक अंक घरी नेता येतात. स्वतः विकत घ्यायचे तर तेवढ्या पैशांत दोन-चारच अंक येतील. म्हणून योजना जाहीर होताच नाव नोंदवावे.

मात्र मराठीच्या विद्यार्थ्याने दिवाळी अंक केवळ विरंगुळा म्हणून वाचू नये. वाङ्मयातील कितीतरी वाद, प्रवाह आणि लेखक ग्रंथरूपाने पुढे येण्यापूर्वी येथे प्रकट झालेले असतात. उदाहरण आपल्याच शहराचे घेऊ. अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली औरंगाबादहून निघणाऱ्या दैनिक ‘मराठवाडा’च्या 1969 च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडवून आणण्यात आली. दलित साहित्याच्या इतिहासात तिचा उल्लेख महत्त्वाचा मानला जातो. त्याच सुमारास डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवण्यास आरंभ केला होता आणि त्याच्या अंकांतून नव्या लेखकांची एक पिढी उभी राहिली. पाठ्यपुस्तकात आपण ‘दलित साहित्याची प्रेरणा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करतो. तो प्रश्न मुळात छापला गेला, वाचला गेला आणि त्यावर वाद झाला तो अशा अंकांच्या पानांवर.

हे अंक आज कोठे मिळतील? दुकानात नाही. ते मिळतील फक्त ज्या ग्रंथालयाने त्यांची बांधणी करून ठेवली तेथेच. दिवाळी अंकाचा कागद टिकाऊ नसतो, जागा अपुरी असते आणि दरवर्षी नवे गठ्ठे येतात. साहजिकच जुने अंक रद्दीत काढण्याकडे कल होतो. एका तालुक्याच्या गावातील ग्रंथालयात जुन्या अंकांविषयी प्रस्तुत लेखकाने विचारणा केली होती. गेल्याच महिन्यात गठ्ठे काढून टाकल्याचे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले आणि वर म्हणाले, “सर, दहा वर्षांत कोणी मागितले नव्हते.” त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या दहा वर्षांत गावात मराठी विषय घेऊन पदवी मिळवणारे विद्यार्थी थोडे नव्हते, आणि त्यांपैकी एकानेही मागणीपत्र भरले नव्हते.

4.6 मागणी कशी नोंदवावी?

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकापर्यंत त्याला हवा तो ग्रंथ पोहोचावा आणि प्रत्येक ग्रंथाला वाचक लाभावा, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे मागणी होय. ती मोघम असेल तर ग्रंथपालही काही करू शकत नाही.

समजा, आपल्याला मराठवाड्यातील दलित साहित्यावर स्वाध्याय लिहायचा आहे. ‘दलित साहित्यावर काही आहे का?’ असे विचारले तर समोर दोन मार्गदर्शक पुस्तके येतील आणि विषय संपेल. त्याऐवजी घरूनच एका कागदावर लिहून न्यावे : ‘अस्मितादर्शचे 1970 ते 1980 या काळातील अंक; त्यांपैकी जे असतील ते; बांधीव खंड असल्यास उत्तम.’ नियतकालिकाचे नाव, कालखंड आणि चालणारा पर्याय या तीन गोष्टी मागणीत असाव्यात. अंक तेथे नसतील तर दुसऱ्या कोणत्या ग्रंथालयात असण्याची शक्यता आहे, हे विचारावे. अनुभवी ग्रंथपालाला शहरातील संग्रहांची बरीच कल्पना असते. त्यांची गर्दीची वेळ टाळून, दुपारी दोन-तीनच्या सुमारास जावे. ग्रंथालयांतील कर्मचारी थोडे आणि त्यांचे वेतन बहुतेक ठिकाणी तुटपुंजे, हे ध्यानात ठेवून बोलावे.

नकार मिळाला तरी मागणी लेखी द्यावी. कोणत्या ग्रंथांना मागणी आहे हे ग्रंथालयाला कळते ते अशाच नोंदींवरून. खरेदीच्या वेळी आणि रद्दी काढण्याच्या वेळीही तीच उपयोगी पडते.

4.7 शिक्षक विद्यार्थ्यांसाठी

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांची भूमिका दुहेरी आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. 14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो. या दोन्ही निमित्तांनी ग्रंथप्रदर्शने, व्याख्याने, अभिवाचन असे कार्यक्रम होतात. शाळांत बहुधा भाषणे होतात, छायाचित्र निघते आणि पुस्तके कपाटात परत जातात. त्याऐवजी वर्गाला जवळच्या ग्रंथालयात नेऊन प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने एक मागणीपत्र भरायला लावावे. खेड्यातील शाळेला हे शक्य नसेल तर पुस्तकांची पेटीच गावात नेता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने हा मार्ग यशस्वी करून दाखवला आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी तीस पुस्तकांची एक पेटी आणि परत करण्याची तारीख लिहिलेली एक वही, एवढ्यावर आरंभ करता येतो. पुस्तके थोडी फाटतील, एखादे हरवेल. ते गृहीत धरावे.

4.8 क्षेत्रीय कार्य

दिवाळीपूर्वी आपल्या गावातील किंवा शहरातील एका सार्वजनिक ग्रंथालयाला भेट द्या. तेथे उपलब्ध असलेला सर्वांत जुना दिवाळी अंक मागा. त्याचे नाव, वर्ष आणि संपादक यांची नोंद करा. अनुक्रमणिका उतरवून घ्या आणि त्यातील ज्या लेखकांची नावे या अभ्यासक्रमात आली आहेत त्यांच्यावर खूण करा. एक लेख किंवा कथा तेथेच बसून पूर्ण वाचा व तिच्याविषयी 300 शब्दांत टिपण लिहा. जुना अंक मिळाला नाही तर आपण दिलेल्या लेखी मागणीची प्रत टिपणाऐवजी जोडावी. तीही ग्राह्य धरली जाईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न
1. ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथालय’ या संज्ञांतील अर्थभेद आपल्या परिचयाच्या संस्थेच्या आधारे स्पष्ट करा.
2. दिवाळी अंक हे वाङ्मयेतिहासाचे साधन कसे ठरते, ते मराठवाड्यातील उदाहरणासह लिहा.
3. आपल्या पुढील स्वाध्यायासाठी ग्रंथपालाकडे द्यावयाचे मागणीपत्र तयार करा.