सागरतळीच्या वनांची मोजणी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या थंड समुद्रात, केल्प नावाचे तपकिरी शैवाल उगवते. तळाच्या खडकाला घट्ट धरून ते उंच वाढते आणि आपल्या पानांचा पसारा लाटांवर तरंगत ठेवते. त्याच्या छायेत मासे, खेकडे, शंख यांची वस्ती असते. हे वन किती पसरले आहे, ते मोजावे कसे? जमिनीवरील रानात माणूस चालत जातो. येथे मात्र बुडी मारावी लागते.

पाणबुड्यांची एक रीत अगदी साधी आहे. तळावर 30 मीटर लांबीची फीत अंथरावयाची आणि प्रत्येक मीटरच्या खुणेखाली काय आहे ते टिपावयाचे. 30 खुणांपैकी 18 खुणांखाली शैवाल आढळले, तर आच्छादन शेकडा 60 झाले. दुसरी रीत चौकटीची. तळावर चौकट ठेवून तिचा केवढा भाग शैवालाने व्यापला आहे, याचा डोळ्यांनी अदमास घ्यावयाचा. ही रीत जलद खरी. पण तीच चौकट एक पाणबुड्या निम्मी भरली म्हणतो, तर दुसरा पाऊण! फितीच्या रीतीत असा मतभेद कमी. मात्र तुरळक उगवणारी जात दोन खुणांच्या मधून सहज निसटते. शिवाय पाठीवरच्या टाकीतील हवा सरत आली की वर यावेच लागते. शेकडो किलोमीटरांचा किनारा असा कोण मोजणार?

ते काम उपग्रह करतो. लँडसॅट उपग्रहांनी 1984 पासून घेतलेली चित्रे शास्त्रज्ञांनी या कामी वापरली आहेत. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाणी शोषून घेते, केल्पाची पाने ते परत फेकतात. म्हणून काळ्या पाण्यावर केल्प उजळ उमटते. परंतु या चित्रातील एक ठिपका म्हणजे 30 मीटर लांब व तितकीच रुंद जागा! भरतीने वा प्रवाहाने पाने खाली ओढली गेली, तर तीही दिसत नाहीत. तळालगतचे बुटके शैवाल तर मुळीच नाही.

2014 नंतर उत्तर कॅलिफोर्नियात या रीतींची कसोटी लागली. समुद्र नेहमीपेक्षा उष्ण झाला होता. 350 किलोमीटरांहून अधिक किनाऱ्यावरचे केल्प शेकडा 90 हून जास्त नाहीसे झाल्याचे वरून घेतलेल्या चित्रांत दिसले. तळाशी काय चालले आहे, हे मात्र चित्रांत दिसेना. ते पाणबुड्यांनी पाहिले. तेथे जिकडेतिकडे लिंबाएवढे, जांभळे, काटेरी सागरी साळू पसरले होते. त्यांना खाणारे मोठे तारामासे 2013 पासून रोगाने मरत होते. मोकळे रान मिळालेल्या साळूंनी उरलेसुरले केल्प कुरतडून खडक उघडे केले. केल्पावर जगणारा अबालोन हा शंखजीव उपाशी मरू लागला, आणि 2018 साली त्याला पकडण्यास बंदी घालावी लागली.

आता तेथे जे केल्प पुन्हा उगवते, त्याचा पसारा आकाशातून मोजतात. साळू मात्र पाण्यात उतरून, एकेक करून.