द्राक्षमळा, द्राक्षबाग आणि आपली वाडी



मागच्या चाचणीत एक प्रश्न होता : ‘द्राक्षे पिकवतात त्या जमिनीला काय म्हणतात?’ एका मुलाने उत्तर लिहिले, ‘द्राक्षवाडी’. ते वाचून दाखवताच सगळा वर्ग खो-खो हसला. तो बिचारा मान खाली घालून बसला. त्याला गुण मिळाले नाहीत हे खरे; पण ते उत्तर हसण्यासारखे होते का? चला, बघू या.

पुस्तकातला शब्द आहे द्राक्षमळा. द्राक्ष अधिक मळा. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. भाजीचा मळा, उसाचा मळा, विड्याच्या पानांचा पानमळा. मराठी बायबलातही द्राक्षमळा हाच शब्द येतो. सकाळी आलेल्या आणि संध्याकाळी आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देणाऱ्या मालकाची गोष्ट त्यात आहे. आपल्यापैकी काहींनी ती चर्चमध्ये ऐकली असेल. ते मजूर द्राक्षमळ्यातच राबत होते.

पण नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत किंवा सांगली जिल्ह्यात तासगाव, इकडे जाऊन विचारा. शेतकरी म्हणेल, “आमची द्राक्षबाग आहे.” नुसते ‘बाग’ म्हटले तरी त्यांना कळते. ‘बाग’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्यावरूनच बागायत आणि बागायतदार हे शब्द झाले. पाणी देऊन पिकवतात ती बागायत, पावसावर पिकते ती जिरायत. द्राक्षाचा वेल तारांच्या मांडवावर चढवतात. वर्षातून दोनदा छाटणी करतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरी ऑक्टोबरच्या सुमारास. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरतात. अशा वेळी अवकाळी पाऊस झाला, तर वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून तर वसईत द्राक्षबागा नाहीत. आपल्याकडे पाऊस भारी आणि हवा दमट. द्राक्षाला कोरडी हवा मानवते.

आता आपली वाडी. संस्कृतात बागेला ‘वाटिका’ म्हणतात; त्यावरून वाडी हा शब्द आला. सांगलीकडचा पानमळा आपल्याकडे येतो, तेव्हा त्याची पानवेलीची वाडी होते. केळीची वाडी, फुलांची वाडी. पूर्वी वाडीत विहिरीवर किंवा बावखलावर रहाट असे आणि पाटाने पाणी सोडत. आगाशीची सुकेळी अशा वाडीतल्या राजेळी केळ्यांचीच. वाडी करणारे ते वाडवळ, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे एका शब्दावरून माणसांनासुद्धा नाव मिळाले! इतर बऱ्याच ठिकाणी मात्र वाडी म्हणजे लहान वस्ती.

मग त्या मुलाचे काय चुकले? त्याच्या आजोबांची केळीची वाडी आहे. जिथे विहीर, पाट आणि फळझाडे, ती वाडी, हे त्याला घरीच ठाऊक. त्याने आपल्या घरचा शब्द द्राक्षांना लावला. रूढ शब्द चुकला, पण अर्थ बरोब्बर कळला होता. हसणाऱ्यांपैकी कितीजणांना पाट कसा फोडतात ते सांगता येईल?

आज पुष्कळ वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. पाटीवर ‘वाडी’ लिहिलेले असते, आत एक केळही नसते. अशाने उद्या वाडी म्हणजे नुसता पत्ता, असेच मुलांना वाटेल. तसे होऊ नये म्हणून हा शब्द अर्थासकट लक्षात ठेवा.

लक्षात ठेवा :
तो मळा – ते मळे – मळ्यात
ती बाग – त्या बागा – बागेत
ती वाडी – त्या वाड्या – वाडीत

स्वाध्याय :
१. द्राक्षमळा, द्राक्षबाग व वाडी हे शब्द वाक्यात वापरा.
२. बागायत व जिरायत यांतील फरक सांगा.
३. तुमच्या घराजवळ ‘वाडी’ नावाची जागा आहे का? तिथे पूर्वी काय पिकत होते, ते आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.

पालकांना विनंती : तिसऱ्या प्रश्नाला मुलांना जरूर मदत करा. त्याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, ते तुमच्यापाशीच आहे.