कर्णपटलाचे छिद्र : शस्त्रकर्माच्या पद्धती व आपले कर्तव्य

कर्णस्रावाच्या रुग्णात कर्णपटलास छिद्र आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कर्णपूरण करू नये. छिद्रातून तेल मध्यकर्णात उतरते व संसर्ग वाढण्याचा धोका असतो. आघाताने पडलेली लहान छिद्रे बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. जुन्या छिद्रांस मात्र बहुधा शस्त्रकर्म लागते.

१९५० च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन व झोलनर यांनी टिंपॅनोप्लास्टी रूढ केली. प्रारंभी त्वचेचे कलम वापरीत. पुढे शंखप्रदेशातील स्नायूवरचे पातळ आवरण, म्हणजे टेम्पोरॅलिस फॅशिया, प्रचारात आले. ते बसविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

१) अंडरले : कलम उर्वरित पडद्याच्या आतील बाजूस ठेवतात. पद्धत तुलनेने सोपी. परंतु छिद्र अगदी पुढच्या भागात असल्यास कलमास आधार कमी मिळतो.

२) ओव्हरले : पडद्याचा बाह्य त्वचास्तर सोलून कलम बाहेरून ठेवतात. मोठ्या व पुढील छिद्रांत उपयुक्त. मात्र कलम बाहेर सरकणे, पुढील कोन बुजणे, त्वचेचा अंश खाली राहून गाठ होणे हे उपद्रव संभवतात.

पडदा आत ओढला जात असल्यास किंवा पूर्वीचे शस्त्रकर्म अयशस्वी ठरल्यास तरुणास्थीचे कलम अधिक टिकाऊ ठरते. ते जाड असूनही श्रवणलाभ अनेक अभ्यासांत फॅशियाइतकाच आढळला आहे.

पद्धत कोणतीही असो, कलम धरेपर्यंत कान कोरडा ठेवावा व नाक जोराने शिंकरू नये. औषधविक्रेत्यांनीही कान वाहणाऱ्या ग्राहकास कर्णतैल न देता प्रथम तपासणीस पाठवावे.