नत्राचा हिशेब इथिलीनमध्ये

१. ज्याच्यामागे आपण वर्षानुवर्षं धावतो, नेमकं तेच मोजायला अवघड निघतं. हवेत ७८ टक्के नत्र. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींनी त्यातलं कणभर उचललं, तर कळणार कसं? १९६६ च्या सुमारास डिलवर्थ, तसंच शोलहॉर्न आणि बरिस या संशोधकांना दिसलं, की जिवाणूंचं नायट्रोजिनेज हे विकर ॲसिटिलीनचं इथिलीन करतं. इथिलीन पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. तेव्हापासून आम्ही नत्रवाली मंडळी इथिलीनच मोजत बसलोय. ‘नक्की काय करतेस गं तू?’ असं घरी कुणी विचारलं, की माझी पंचाईत होते.

२. फसतं कोण, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. वर्गात मी ऐटीत सांगायचे, ‘नत्रात तिहेरी बंध, ॲसिटिलीनमध्येही तिहेरी बंध, बिचारं विकर फसतं!’ पण ॲसिटिलीनच्या रेणूला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, नत्राच्या रेणूला किमान आठ लागतात. त्या आठांतले दोन हायड्रोजन वायू होऊन उडून जातात; ॲसिटिलीन भरपूर असलं की ही गळती जवळपास थांबते. म्हणून इथिलीनच्या आकड्याला कुणी तिनाने भागतं, कुणी चाराने, आणि खरं गुणोत्तर दोघांनाही जुमानत नाही.

३. तपासायला गेलं की वागणूक बदलते. शाळेत तपासणीला दिपोटी साहेब आले की वर्ग जसा वागायचा, तसंच. कित्येक द्विदल पिकांच्या गाठी ॲसिटिलीन लागल्यावर काही मिनिटांतच मंदावतात. मुळावरून तोडल्या तर विचारूच नका.

४. नाकावर फार भरवसा ठेवू नये. कार्बाइडवर पाणी टाकून केलेल्या ॲसिटिलीनला येणारा लसणासारखा दर्प त्याचा स्वतःचा नसतोच, तो फॉस्फीनसारख्या भेसळीचा. हेच कार्बाइड बंदी असूनही आंबे पिकवायला चोरून वापरतात. त्यामुळे प्रयोगशाळेत डोकावणारा हमखास विचारतो, ‘आढी कुठे घातलीय?’ फळ पिकवणारं खरं संप्रेरक, इथिलीन, आमच्या बाटल्यांत असतं खरं. आंबा मात्र कधी दिसला नाही.

५. एका विकराची ओळख पटली म्हणून घराणं कळलं असं होत नाही. नेहमीच्या नायट्रोजिनेजला लागणारं मोलिब्डेनम मिळेनासं झालं, की ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू व्हॅनेडियमवर चालणारं नायट्रोजिनेज बाहेर काढतो. ते ॲसिटिलीनला इथिलीनवरच सोडत नाही, थोडं पुढे इथेनपर्यंत नेतं. २०१० मध्ये तर कळलं, की हेच विकर कार्बन मोनॉक्साइडपासून इथिलीन, इथेन आणि प्रोपेन घडवतं. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे ज्याला आम्ही नत्र-स्थिरीकरणाचा शत्रू म्हणून शिकवत आलो! आणि प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरातला एक वायू. २०१८ मध्ये नुसत्या लोखंडावर चालणारा तिसरा भाऊ कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करताना सापडला. माझ्या जुन्या टिपणांत ‘नत्राचा अमोनिया करणारे विकर’ एवढीच व्याख्या आहे. ती खोडलेली नाही, पण आता फार त्रोटक वाटते.

६. इथेनकडे वळलेले इलेक्ट्रॉन इथिलीनच्या आकड्यात येत नाहीत, म्हणजे हिशेबाला आणखी एक भोक. तेव्हा ॲसिटिलीनच्या चाचणीवरून या बाटलीत विकर जागं आहे की नाही ते बघा, दोन वाणांची तुलनाही जपून करा. त्यावरून हेक्टरी किती किलो नत्र मिळालं ते मात्र सांगू नका, आणि कुणी सांगितलं तर कितीने भागलं ते आधी विचारा.